पहाटे तीनचं घड्याळ : अकरा महिने वापरल्यानंतर

आईला दर सहा तासांनी गोळी द्यावी लागते. सकाळी नऊ, दुपारी तीन, रात्री नऊ, पहाटे तीन. बाकीच्या वेळा घरातलं कोणीही सांभाळतं, पहाटे तीनची माझी. पहिले चार महिने मी फोनच्या गजरावर काढले. गजर वाजला की ती दचकायची. फोन हातात घेतला की त्याचा पांढरा उजेड थेट तिच्या डोळ्यांवर. मग पाच वाजेपर्यंत छताकडे बघत पडून राहायची, आणि तिच्याबरोबर मीही.

माझी झोप तशी सावध आहे. तिच्या शेजारी झोपते तेव्हा रात्रीतून तीन-चारदा जाग येतेच. उठायचं कसं हा प्रश्न कधी नव्हता. जाग आल्यावर खोलीत उजेड न करता किती वाजले ते कळायला हवं होतं. म्हणून फोन बाहेर ठेवून दिला आणि हाताने चावी द्यायचं, अंधारात काटे चमकणारं, फौजी धाटणीचं मनगटी घड्याळ घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ह्या धाटणीची घड्याळं बऱ्याच कंपन्या जवळजवळ एकसारखी बनवतात, आणि मला जे सांगायचंय ते ह्या जातीच्या घड्याळाबद्दल आहे.

आधी घड्याळ कसं आहे ते सांगते. ३८ मिलिमीटरची, चकाकी नसलेली स्टीलची डबी. काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे, १ ते १२. त्यांच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत १३ ते २४. सेल नाही. तारीख नाही. ही तारीख नसणं मला फार आवडलं, कारण महिन्याच्या शेवटी ती पुढे सरकवत बसावी लागत नाही आणि तबकडीवर खिडकीचा तुकडा पडत नाही. काच ॲक्रिलिकची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची. ती चरे खाते पण फुटून तुकडे उडत नाहीत, म्हणूनच सैन्याच्या घड्याळांना वर्षानुवर्षं असलीच काच असायची. माझ्या काचेवर आतापर्यंत सात-आठ चरे उठले. मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन पाच मिनिटं गोल गोल घासलं की दिसेनासे होतात. एक मात्र अजून आहे, पाचच्या आकड्याजवळ, पलंगाच्या कठड्याला लागलेला.

आतले १३ ते २४ आकडे आधी मला शोभेचे वाटले होते. आता ते आईचे आहेत. दुपारी झोपून ती संध्याकाळी उठते तेव्हा तिला दिवस-रात्रीचा पत्ता लागत नाही. “सकाळ झाली का गं?” मी मनगट तिच्यासमोर धरते आणि आतल्या आकड्यावर बोट ठेवते. “आई, अठरा वाजले.” ती क्षणभर थांबते. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई आहे. “अठरातून बारा गेले, सहा. म्हणजे संध्याकाळ.” बेरीज-वजाबाकी जमली की तिचा चेहरा सैल होतो. नुसतं “संध्याकाळ आहे गं” म्हटलं तर ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही. स्वतः केलेल्या वजाबाकीवर ठेवते.

इस्पितळात ती वीस दिवस होती. घरी येऊन वर्ष उलटून गेलं तरी पहाटे पाचला डोळे उघडते आणि ताप मोजायला हात पुढे करते. तिथली वेळ तिच्या अंगात राहून गेली. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं तेव्हा शहरातली घड्याळं तासभर पुढे करून बर्लिनच्या वेळेला लावली गेली. पुढे जर्मन गेले, युद्ध संपलं, वेळ मात्र तीच राहिली. आजही पॅरिस आणि बर्लिनची घड्याळं एकच वेळ दाखवतात. हे वाचलं तेव्हा मला आईचा पाच वाजता पुढे आलेला हात आठवला.

आता खोक्याबद्दल. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘पुरुषांसाठी’ असं छापलंय. माझं मनगट पंधरा सेंटिमीटरचं आहे, त्यावर हे घड्याळ थोडं मोठं दिसतं, पण डबीचे पट्टा अडकवायचे कान खाली वळलेले असल्याने बसतं नीट. बोचत नाही. तेव्हा बारीक मनगटाच्या बायकांनी ती छापील ओळ वाचून मागे हटू नये. खरं तर मनगटावर घड्याळ बांधणं ही आधी बायकांचीच गोष्ट. ब्रेगे ह्या नावाजलेल्या घड्याळजीकडे नेपल्सच्या राणीने, कॅरोलिन म्युराने, १८१० मध्ये मनगटी घड्याळ सांगितलं आणि ते १८१२ मध्ये तयार झालं. त्यानंतर शंभरेक वर्षं पुरुष खिशातलंच घड्याळ वापरत राहिले. मनगटावरचं म्हणजे बांगडीसारखा दागिना, तो बायकांनी घालावा, असा समज होता.

तो समज खंदकांत मोडला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातच काही सैनिक खिशातली छोटी घड्याळं चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधू लागले होते. पहिल्या महायुद्धात ते सर्रास झालं. एका हातात बंदूक किंवा लगाम, दुसऱ्यात नकाशा किंवा शिडी, वर जाड कोट. खिशातून घड्याळ काढायला तिसरा हात कुठून आणायचा? शिवाय तोफांचा मारा ठरलेल्या मिनिटाला पुढे सरकायचा आणि पायदळाने त्याच्या मागोमाग चालायचं, अशी लढायची पद्धत आली. मिनिट चुकलं तर आपल्याच तोफांखाली सापडायचं. ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी त्या काळात छापलेल्या एका पुस्तिकेत आघाडीवर काय काय न्यावं त्याची यादी आहे, आणि त्यात पहिल्या क्रमांकावर न फुटणाऱ्या काचेचं, अंधारात चमकणारं मनगटी घड्याळ आहे. पिस्तूल त्याच्यानंतर.

दोन्ही हात गुंतलेले असताना वेळ कळणं, एवढ्यासाठीच हे घड्याळ आहे. एका हाताने आईची मान उचललेली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. तेव्हा मनगट आपोआप डोळ्यांसमोर येतं. ज्यांना आजारी माणसाजवळ, तान्ह्या बाळाजवळ बसावं लागतं त्यांना हे लगेच कळेल.

ज्यासाठी घेतलं त्या चमकेकडे वळते. आपण अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूला ‘रेडियम’ म्हणतो. रेडियमचे काटे, रेडियमची पट्टी, रेडियमच्या चांदण्या. ह्या घड्याळात रेडियम नाही. ह्यात स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आहे, जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये पुढे आणलेलं, जे दिव्याचा उजेड पिऊन घेतं आणि मग हळूहळू सोडतं. झोपण्यापूर्वी टेबलावरच्या दिव्याखाली दोन मिनिटं धरलं की पहिला तासभर हिरवंगार दिसतं, इतकं की पांघरुणाला उजेड लागतो. बारापर्यंत ते उतरतं. पहाटे तीनला काटे जेमतेम असतात, धुक्यातून दिसावेत तसे, पण डोळे अंधाराला सरावलेले असल्याने वाचता येतात. फोन बघून लगेच घड्याळ बघितलं तर काहीच दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावं. आणि बाराच्या आकड्यावरचा त्रिकोण बाकीच्यांपेक्षा लवकर विझतो. लेप तिथे पातळ लागलाय. हा दोष आहे, आणि रात्रीच्याच कामासाठी विकलेल्या घड्याळात तो नसायला हवा होता.

खरं रेडियम लावलेली घड्याळं होती, आणि ती युद्धासाठीच मोठ्या संख्येने तयार झाली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात १९१७ मध्ये तबकड्या रंगवायचा कारखाना सुरू झाला. काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या तरुण मुली. रेडियम आणि झिंक सल्फाइड मिसळलेला रंग उंटाच्या केसांच्या बारीक कुंचल्याने आकड्यांवर भरायचा. दोन-चार आकडे झाले की कुंचल्याचं टोक पसरतं. ते ओठांत धरून टोकदार करायचं, पुन्हा रंगात बुडवायचं, पुन्हा आकडा. असं दिवसभर. त्यांना तसंच शिकवलं होतं. घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकायचे. काहींनी गंमत म्हणून नखांना, दातांना तो रंग लावला.

रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं. आधी दात पडायला लागले, मग जबड्याची हाडं ठिसूळ झाली. मॉली मॅगिया ही मुलगी सप्टेंबर १९२२ मध्ये गेली. ग्रेस फ्रायर आणि तिच्याबरोबरच्या चौघींनी खटला लढवला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. हा रंग ज्याने तयार केला तो साबिन फॉन सोखोत्स्कीही त्याच वर्षी रक्ताच्या आजाराने मेला. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. त्या जुन्या घड्याळांची चमक आज गेलेली असते, पण ती गेली ते झिंक सल्फाइड झिजल्यामुळे. रेडियम त्यांत तसंच आहे.

हे वाचल्यापासून मी माझ्या तबकडीवरचे आकडे वेगळ्या नजरेने बघते. सैनिकाला रात्री वेळ दिसावी म्हणून कुणा मुलीने कुंचला ओठांत धरला होता. खोक्यावर ‘पुरुषांसाठी’ छापणाऱ्यांनी एवढं तरी वाचायला हवं. ‘रेडियम’ शब्द मी अजूनही वापरते, तोंडात बसलाय, पण आता तो वापरताना त्या मुली आठवतात.

चावी देणं हा माझ्या सकाळचा भाग झालाय. नऊची गोळी झाली की आई उशीला टेकून बसते आणि मी तिच्या पायाशी बसून चावी देते. पस्तीसेक वेळा फिरली की ती अडते, तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. एकदा भरलं की साधारण चाळीस तास चालतं, म्हणजे सकाळी विसरलं आणि रात्री आठवलं तरी बंद पडलेलं नसतं. चावीची खुंटी मात्र लहान आहे. हात ओले असले की घसरते, आणि माझे हात दिवसातून वीसदा ओले असतात. ती अर्धा मिलिमीटर जाड केली असती तर फार बरं झालं असतं.

चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो. नेमकी वेळ लावून सोडली की चालू होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या ए-११ घड्याळात ही सोय मुद्दाम मागून घेतली होती, म्हणजे तुकडीतल्या सगळ्यांची घड्याळं सेकंदाबरहुकूम जुळावीत. वेळ न जुळल्याची किंमत त्याआधीच्या युद्धात दिसली होती. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत ब्रिटिशांचा हल्ला सकाळी ७:३० ला होणार होता. बहुतेक सुरुंग ७:२८ ला उडवायचे ठरले, पण हॉथॉर्न टेकडीखालचा ७:२० लाच उडवला, आणि त्या दहा मिनिटांत समोरचे जर्मन सावध होऊन जागेवर आले. त्या एका दिवसात मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून ब्रिटिशांची ५७,४७० माणसं गेली, त्यांतली १९,२४० ठार. सगळं त्या दहा मिनिटांमुळे नव्हे, पण त्या टेकडीसमोर जी उभी होती त्यांना ती दहा मिनिटं भोवली.

आणि ते युद्ध संपलं तेही घड्याळ बघून. ११ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे पाच वाजून गेल्यावर, कॉम्पियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सह्या झाल्या. अंमल सकाळी अकरापासून. मधले जवळजवळ सहा तास माणसं मरत राहिली. अमेरिकन सैनिक हेन्री गुंथर १०:५९ ला मेला. सहा तास म्हणजे किती ते मला आता हाडांत ठाऊक आहे. एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंतचं अंतर. त्यात आई एक झोप घेते, दोनदा कूस बदलते, एकदा पाणी मागते.

पट्ट्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्याने घड्याळ वाचवलं. कंपनीने नायलॉनचा अखंड पट्टा दिलाय, डबीच्या खालून एका तुकड्यात सरळ जाणारा. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने १९७३ मध्ये असा पट्टा आणला. दोन तुकड्यांच्या पट्ट्यात एका बाजूची पिन निघाली की घड्याळ पडतं, अखंड पट्ट्यात दुसऱ्या पिनेला लटकून राहतं. पाचव्या महिन्यात मी आईला पलंगावरून खुर्चीत बसवत होते. तिचे दोन्ही हात माझ्या गळ्यात, माझे तिच्या पाठीमागे. ‘टक्’ आवाज आला. पिन उडाली, पण घड्याळ मनगटालाच लोंबत राहिलं. तिला सोडून घड्याळ सावरायला हात मोकळा नव्हताच. नायलॉनचंही मनगटी घड्याळासारखंच, आधी बायकांचं, मग सैन्याचं. १९४० मध्ये अमेरिकेत नायलॉनचे पायमोजे घेण्यासाठी बायकांच्या झुंबडी उडाल्या, आणि १९४२ पासून ते सगळं नायलॉन पॅराशूट आणि दोरखंडांकडे वळलं. बायकांचे जुने मोजेही गोळा केले गेले.

पट्ट्याचा त्रास एवढाच की तो भिजला की लवकर वाळत नाही आणि आठवड्यात वास मारायला लागतो. साबणाने धुऊन रात्रभर टांगावा, तर रात्रीच घड्याळ लागतं. दुसरा पट्टा घेणं आलंच.

उडालेल्या पिनेबद्दल मी कंपनीला लिहिलं. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं, त्यात फोटो मागितला होता. फोटो पाठवला. पुढे काही नाही. विक्रीनंतरच्या सेवेला माझ्याकडून शून्य. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावण्यांत कैदेत असलेल्या ब्रिटिशांनी पत्र लिहून रोलेक्सकडे घड्याळं मागवली, आणि कंपनीचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी ती रेडक्रॉसमार्फत पाठवलीही, पैसे युद्ध संपल्यावर द्या म्हणून. ज्या श्टालाग लुफ्ट ३ छावणीतून मार्च १९४४ मध्ये बोगद्यातून ७६ जण निसटले आणि पकडल्यानंतर त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या, तिथल्या एका कैद्याकडेही असं घड्याळ पोचलं होतं. तारांच्या कुंपणाआड बसलेल्या अनोळखी माणसावर विश्वास टाकला गेला होता. मी तर एक पिन मागत होते.

आठव्या महिन्यात घड्याळ अचानक दिवसाला सहा-सात मिनिटं पुढे जायला लागलं. एरवी बारा-पंधरा सेकंद पुढे जातं, त्याचं काही वाटत नाही. गोळी तीनऐवजी सव्वातीनला गेली तर आकाश कोसळत नाही हेही मला आता कळलंय, पण मिनिटं चुकायला लागली की मनात धास्ती बसते. घड्याळजीकडे नेलं. त्यांनी ते होकायंत्राजवळ धरलं, सुई हलली. “ताई, लोहचुंबक लागलंय.” माझ्या पर्सची चुंबकाची कडी. केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने आपल्यातच चिकटते, लांबी कमी होते आणि घड्याळ पळायला लागतं. एका छोट्या यंत्रावरून फिरवलं, अर्ध्या मिनिटात बरं झालं. नवी पिनही त्यांनीच बसवली, आधीपेक्षा जाड.

मागची झाकणी उघडली होती तेव्हा त्यांनी भिंगातून आत बघू दिलं. सतरा खडे, गुलाबी, तांदळाच्या कणीहून लहान. माणिकच, पण कृत्रिम. व्हर्न्यॉय ह्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाची पद्धत १९०२ पासून जगाला माहीत झाली. त्यांच्यावर चाकांचे आस टेकतात, म्हणजे घासत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या उपकरणांना असलेच खडे हजारोंनी लागत. ते बनवण्यात तरबेज स्वित्झर्लंड, आणि स्वित्झर्लंडच्या चारी बाजूंना शत्रूचा मुलूख. ती टंचाई लक्षात ठेवून अमेरिकेने १९५० च्या दशकात नॉर्थ डकोटातल्या रोला गावी स्वतःचा कारखानाच उभारला. भिंगातून दिसणारा तो कणीएवढा खडा किती वेळ बघत राहिले होते मी.

आवाजाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. सेकंदाला सहा ठोके. शांत खोलीत उशीवर हात ठेवला तर ऐकू येतो. हलकी झोप असणाऱ्यांना खटकेल. आईला आवडतो. पहाटे गोळी गिळून झाली की ती माझं मनगट धरते आणि कानाशी नेते. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं तिला काही सांगायचंय, म्हणून मी वाकले. ती म्हणाली, “चालू आहे.” तेवढंच. मग ती झोपते, बहुतेकदा माझा हात धरूनच, आणि मी तो अलगद सोडवून घ्यायला दहा-पंधरा मिनिटं थांबते. त्या वेळात काटे आणखी पुसट होतात.

घ्यावं का? रात्री उठावं लागत असेल, फोनचा उजेड नको असेल आणि रोज सकाळी चावी द्यायला कंटाळा नसेल, तर जरूर घ्यावं. घेण्याआधी दुकानात हाताची ओंजळ करून, आत अंधार करून बाराच्या त्रिकोणाची चमक तपासावी. चावी ओल्या बोटांनी फिरवून बघावी. पिना पहिल्याच दिवशी घड्याळजीकडून जाड बसवून घ्याव्यात. चुंबकाच्या कडीची पर्स असेल तर घड्याळ तिच्यात टाकू नये. तारीख हवी असेल किंवा सेकंदाचा हिशोब ठेवायचा असेल, तर सेलचं घ्यावं.

दुसरा पट्टा मागवलाय. चार रंगांचे फोटो आईला दाखवले होते. तिने गडद निळ्यावर बोट ठेवलं, मग थोड्या वेळाने पुन्हा फोटो मागितले आणि पुन्हा निळ्यावरच ठेवलं.